मदत हवी आहे: पायथॉनमध्ये क्लास शिकतोय, शेळी एकाच वेळी दोन्ही काठांवर दिसते

राम राम मंडळी,

लूप, फंक्शन, डिक्शनरी इथपर्यंत गाडी नीट आली. क्लासपाशी (माहिती आणि तिच्यावर चालणारी फंक्शनं एकत्र बांधणारा साचा) अडली. 'कुत्रा हा प्राणी, प्राणी आवाज काढतो' छापाची उदाहरणं वाचून डोक्यात काही शिरेना, म्हणून वाघ-शेळी-गवताचं कोडं (नावाड्याने एका वेळी एकालाच होडीतून न्यायचं; तो जवळ नसला की वाघ शेळीला आणि शेळी गवताला खाते) खेळ म्हणून लिहायला घेतलं. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. 'शेळी' टाइप केलं की नावाडी शेळीला घेऊन पलीकडे. नुसतं एंटर दाबलं की रिकामी होडी.

मोबाइलवरून लिहितोय, त्यामुळे कोड शब्दांतच सांगतो. क्लास चार: वस्तू, काठ, होडी, खेळ. शिवाय वस्तूपासून काढलेले वाघ, शेळी आणि गवत. काठ क्लासमध्ये पहिल्या फंक्शनच्या वर 'सामान' नावाची रिकामी लिस्ट आहे. मग 'अलीकडे' आणि 'पलीकडे' असे दोन काठ बनवतो आणि अलीकडे तिघांना अपेंड करतो, म्हणजे लिस्टच्या शेवटी जोडतो.

आता गंमत बघा. खेळ सुरू व्हायच्या आधीच पलीकडचं सामान छापलं तरी तिथेही तिघं हजर! शेळी नेली तर अलीकडून रिमूव्ह होते, पलीकडे अपेंड होते, आणि तरी दोन्हीकडे दिसते.

दुसरं: लिस्ट छापली की 'शेळी' दिसते, पण "शेळी" हा शब्द त्या लिस्टमध्ये आहे का असं 'इन'ने विचारलं की उत्तर फॉल्स.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त छळतोय. कोण कोणाला खातं हा नियम लिहायचा कुठे? वाघाला 'खा' अशी मेथड (क्लासमधलं फंक्शन) दिली तर काठावर कोण आहे, नावाडी कुठे आहे, हे सगळं वाघाला कळायला हवं. म्हणजे वाघाच्या हाती काठ द्या, काठाच्या हाती होडी द्या... हे काही बरोबर वाटत नाही.

जाता जाता: दोन काठ शेजारी-शेजारी छापायला एलजस्ट (शब्दापुढे स्पेस भरून ठरावीक रुंदी करणारं फंक्शन) वापरतो, पण रकाने वेडेवाकडे येतात. का?

खटपट्या:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे. क्लासच्या अंगात थेट लिहिलेली ओळ एकदाच चालते, त्यामुळे लिस्टही एकच तयार होते. तुमचे दोन्ही काठ तिच्याकडेच बोट दाखवतात. खात्री करायची तर 'अलीकडे.सामान इझ पलीकडे.सामान' छापा, ट्रू येईल. ती ओळ इनिटमध्ये (प्रत्येक काठ बनताना आपोआप चालणारी मेथड) हलवा आणि सामानाच्या आधी सेल्फ (म्हणजे 'हाच काठ') लावा. मग प्रत्येक काठाला स्वतःची लिस्ट मिळेल. आकड्यांच्या बाबतीत हा घोळ दिसत नाही, कारण सेल्फवर नवा आकडा ठेवला की तो त्या ऑब्जेक्टपुरताच (क्लासपासून बनवलेल्या त्या एका नगापुरताच) राहतो. अपेंड मात्र आहे त्याच लिस्टमध्ये भर घालतं. आणि इनिटच्या कंसात 'सामान = रिकामी लिस्ट' अशी डीफॉल्ट किंमत देऊ नका. तीही फंक्शन वाचताना एकदाच तयार होते, म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

दुसरं: लिस्टमध्ये तुमचे ऑब्जेक्ट आहेत, शब्द नाहीत. 'रिप्र' (छापताना ऑब्जेक्ट कसा दिसावा ते सांगणारी) मेथड लिहिली असणार, म्हणून छापताना नाव दिसतं. तुलना करताना पायथॉन तिकडे बघत नाही. सामानावर लूप फिरवून प्रत्येकाचं नाव टाइप केलेल्या शब्दाशी ताडून बघा. आणि त्या शब्दाला आधी स्ट्रिप (पुढच्या-मागच्या स्पेस काढणारं फंक्शन) लावा. मागे राहिलेली एक स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण तुलना मोडते.

रात्रपाळी:
नियमाबद्दल. वाघ, शेळी, गवत हे वेगळे क्लास कशाला? तिघांच्या वागण्यात काडीचा फरक नाही, फरक फक्त माहितीत आहे. वस्तू हा एकच क्लास ठेवा, त्याला 'नाव' आणि 'खाद्य' द्या. वाघाचं खाद्य शेळी, शेळीचं गवत, गवताचं नन (पायथॉनमध्ये 'काहीच नाही'). मग काठाला 'धोका आहे का' अशी मेथड द्या: माझ्याकडच्या कोणाचं खाद्य माझ्याचकडे आहे का, एवढंच ती बघेल. नावाडी कुठे आहे हे खेळाला माहीत असतंच, त्यामुळे फेरी झाली की खेळाने फक्त नावाडी नसलेल्या काठाला विचारायचं. वाघाला काहीही कळायची गरज नाही. होडीचा क्लासही काढून टाका. खेळ नदीच्या मधोमध कधी थांबतच नाही.

रकान्यांचं कारण: 'शेळी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण लेन (लांबी मोजणारं फंक्शन) चार सांगतं, कारण मात्रा आणि वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात. 'गवत'चे मात्र तीनच. एलजस्ट त्याच हिशोबाने जागा भरतं. दोन काठ दोन ओळींत छापा, विषय संपला.

जुना खेळाडू:
एवढा संसार कशाला? नावाडी धरून चौघं, प्रत्येकाच्या दोन जागा, म्हणजे एकूण 16 स्थिती. त्यातल्या सुरक्षित फक्त 10. एक डिक्शनरी पुरते.

रात्रपाळी:
पुरते, पण त्यांना क्लास शिकायचे आहेत, कोडं सोडवायचं नाही. तुमच्या 10 चा उपयोग तपासणीला होईल. धागाकर्ते, टाइप करून करून तपासू नका. शेळी, रिकामी, वाघ, शेळी, गवत, रिकामी, शेळी अशी 7 फेऱ्यांची लिस्ट खेळाला भरवा. खेळ जिंकला पाहिजे. वाघ आणि गवताची अदलाबदल केली तरी जिंकला पाहिजे. 7 पेक्षा कमीत सुटत असेल तर नियम कुठेतरी गळतोय.

धागाकर्ता:
चालला! पोटक्लास आणि होडी काढल्यावर कोड जवळजवळ निम्मा झाला. 7 फेऱ्यांची चाचणी दोन्ही क्रमांनी पास. आता 'मागे' अशी आज्ञा द्यायची आहे. प्रत्येक फेरीआधी दोन्ही काठांचं सामान इतिहासाच्या लिस्टमध्ये टाकतो, पण मागे गेलं तरी चालूच स्थिती येते.

खटपट्या:
तीच लिस्ट टाकताय, तिची प्रत नाही. सामानाला लिस्ट() मध्ये गुंडाळून टाका, नवी प्रत बनेल.

रात्रपाळी:
प्रतही नको. शेळी नेली असेल तर शेळीच परत आणली की आधीची स्थिती येते; रिकामी होडी गेली असेल तर रिकामीच परत. इतिहासात फक्त काय नेलं तेवढं ठेवा, आणि 'मागे' म्हटलं की शेवटचं पॉप करून (लिस्टमधून काढून घेऊन) त्याचीच फेरी पुन्हा मारा. फक्त ही उलटी फेरी इतिहासात नोंदवू नका, नाहीतर 'मागे' दोनदा म्हटलं की होडी तिथल्या तिथे ये-जा करत बसेल.