आईची मूठ वळत नाही, अ‍ॅक्युपंक्चर करून बघावं का?

आगरवाली, गुहागर
आईचं (वय ६१) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. केमो झाली, लाईट (रेडिएशन) घेऊन झाला. आता रोज लेट्रोझोलची गोळी. ती सुरू झाल्यापासून सकाळी बोटं ताठ, मूठच वळत नाही. परवा कोकमं फोडायला बसली. पाचसहा फोडली आणि सुरी खाली ठेवली. एका बैठकीत दोन टोपल्या संपवणारी बाई! बोलली काही नाही, हात पदराखाली घेतला.
चिपळूणला एक जण सुया टोचतात. म्हणाले, "गोळी बंद करा, मी बघतो." मी तिथूनच परत फिरले. पण सुयांनी दुखणं खरंच उतरतं का?

देवरुखचा फिजिओ
परत फिरलात ते बरं केलंत. गोळी इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी करते, सांधे त्यानेच धरतात, पण कॅन्सर परतू नये म्हणून तेच तर हवं असतं. नेमक्या याच सांधेदुखीवर अमेरिकेत २२६ बायकांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली. सहा आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढे सहा आठवडे एकेकदा. तुलनेसाठी नुसत्या दिखाव्याला टोचलेल्या खोट्या सुयांपेक्षा आराम जास्त पडला, पण दुखण्याच्या १० अंकांपैकी जेमतेम १ अंकाने. जादू नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई लावू देऊ नका. आणि नोंदणी विचारा, आपल्या राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे.

सावंतवाडीची काकू
मी घेतलंय गो, मुंबईला लेकीकडे राहून. मध्ये प्लेटलेट्स उतरल्या तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं होतं, म्हणून आधी रक्त तपासून घे. सुयांचं पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावायचं. सहाव्या खेपेनंतर रात्रीची झोप लागायला लागली. गुडघे मात्र होते तसेच. एवढ्यासाठी तुतारी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करण्यात अर्थ नाही, जवळ कुणी मिळालं तरच बघ.

आगरवाली, गुहागर
आईचा डावा हात, गाठी काढलेल्या आहेत. आज कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, सुयांना हरकत नाही, पण येताना रिपोर्ट आणा, गोळी बदलूनही बघता येईल. पुढच्या सोमवारी जातोय.
उरलेली कोकमं मी फोडली. आई शेजारी बसून, आगळ सांडतेस म्हणून ओरडत होती.