जुन्या गाडीच्या इंजिनातून ऑइल गळते : आधी कोणते गॅस्केट बदलावे?

प्रश्न

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी पंधरा वर्षांहून जुनी आहे. रात्रभर उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, बरोबर त्या जागेखाली काळ्या ऑइलचे थेंब पडलेले दिसतात. इंजिन तापल्यावर सिग्नलला थांबलो की जळक्या तेलाचा वासही येतो. एका मेकॅनिकने खालून पाहून मागचे क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाभोवतीची रबरी रिंग) गेल्याचे सांगितले आहे, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे आले. दुसऱ्याच्या मते टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) आणि ऑइल चेंबर (तळाची ऑइलची टाकी) या दोन्हींचे पॅकिंग, म्हणजे गॅस्केट, एकदमच बदलावे. टॅपेट कव्हरचे काम घरी करता येईल इतकी हत्यारे माझ्याकडे आहेत. सुरुवात कुठून करावी, आणि कोणती काळजी घेतल्यास तीच गळती पुन्हा उद्भवणार नाही?

उत्तर १

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते, असे समजून कोणताही भाग उघडू नये. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी चालू असताना वाऱ्यामुळे मागे सरकते. त्यामुळे टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेले ऑइल इंजिनाच्या पाठीवरून उतरून नेमके गिअरबॉक्सच्या सांध्याशी जमा होते आणि खालून पाहणाऱ्याला ते हुबेहूब क्रँक सीलच्या गळतीसारखे दिसते. तुम्ही लिहिलेला जळका वास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. क्रँक सीलचे ऑइल बहुधा थेट खाली टपकते. वास येतो तेव्हा ते गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडत असण्याची शक्यता जास्त, आणि मॅनिफोल्डच्या वर टॅपेट कव्हरच असते. हा केवळ वासाचा प्रश्न नाही, तापलेल्या मॅनिफोल्डवर ऑइल साचत गेले तर ते पेट घेऊ शकते. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

इंजिन थंड असताना डिग्रीझर लावून ते स्वच्छ करा आणि अल्टरनेटर व विजेची जोडणी प्लास्टिकने झाकून ठेवा. नंतर गाडी थोडी चालवून, टॉर्च घेऊन वरून खाली या क्रमाने पाहा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखाली बोट फिरवले आणि ते ओले निघाले, तर निम्मे उत्तर तिथेच मिळते. स्पार्क प्लगच्या विहिरींतही पाहा. तिथे ऑइल साचले असेल तर कव्हरच्या पॅकिंगबरोबर प्लगभोवतीची सीलेही कडक झाली आहेत. ऑइल प्रेशर स्विच आणि ऑइल फिल्टरची बैठक या दोन जागा विसरू नका. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला गेला, तर तिथून मोठी गळती होते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. सिलिंडरमधून पिस्टन रिंगांच्या कडेने थोडा वायू क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतच असतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तो इनटेककडे ओढून घेतो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत कमकुवत सांध्यातून बाहेर पडते. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहा. किंचित ओढ जाणवणे ठीक आहे. पण आतून भकाभक हवा बाहेर येत असेल तर आधी व्हॉल्व्ह तपासा. तो मोकळा असूनही हवा येत राहिली, तर रिंगा झिजलेल्या असू शकतात आणि मग कॉम्प्रेशनची चाचणी करून घ्यावी. दाबाचे कारण तसेच ठेवून लावलेले नवे गॅस्केट फार काळ टिकत नाही.

उत्तर २

वरील निदानाशी मी सहमत आहे. माझा भर बसवण्याच्या पद्धतीवर आहे, कारण नवे पॅकिंग लावूनही गळणाऱ्या बहुतेक इंजिनांत दोष पॅकिंगचा नसून पृष्ठभागाचा किंवा बोल्ट आवळण्याचा असतो.

कव्हर काढण्यापूर्वी भोवतीची माती झटकून काढा, नाहीतर ती थेट कॅमशाफ्टवर पडते. जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमच्या हेडवर (सिलिंडरच्या माथ्यावरच्या भागावर) पोलादी पाते चालवले की ओरखडा उठतो आणि ऑइलला तेवढीच वाट पुरते. ड्रिलला लावायची खरखरीत चकती तर अजिबात वापरू नका. तिचे कण आत पडून ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत जातात. शेवटी दोन्ही कडा ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करा. कव्हर प्लास्टिकचे असेल तर ते तडकलेले नाही ना, पत्र्याचे असेल तर बोल्टांच्या छिद्रांभोवती ते दबलेले नाही ना, हे सपाट पृष्ठभागावर ठेवून तपासा.

रबरी गॅस्केट कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन सीलंटचा लहानसा ठिपका फक्त तिथे द्यावा, जिथे टायमिंग कव्हर आणि हेड यांचा सांधा येतो किंवा जिथे अर्धगोल कोपरा आहे. सर्व कडेने जाड थर देणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की आत दाबली गेलेली सिलिकॉनची दोरी तुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीला अडकते. गळती थांबते, पण इंजिनाला ऑइल कमी पडू लागते. सीलंट पूर्ण घट्ट व्हायला साधारण 24 तास द्यावेत.

टॅपेट कव्हरचे बोल्ट पुष्कळ गाड्यांत केवळ 8 ते 10 न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा. मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. लांब पान्याने आवळलेला बोल्ट पॅकिंग चिरडतो किंवा हेडमधला आटा घेऊन बाहेर येतो.

प्रश्नकर्ता

दोघांचे आभार. इंजिन धुऊन पाहिले असता कव्हरचा मागचा कोपरा ओला निघाला आणि दोन प्लगांच्या विहिरींत ऑइल होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला, तर आतली गोळी वाजत नाही, म्हणजे तो तुंबलेला दिसतो. कव्हरचे पॅकिंग, प्लगची सीले आणि व्हॉल्व्ह एकत्र बदलतो. ऑइल चेंबरचे पॅकिंगही याच वेळी बदलावे का, की गळती थांबवणारे औषध ऑइलमध्ये घालून पाहावे?

उत्तर ३

चेंबरला तूर्त हात लावू नये. वरचे काम झाल्यावर खालचा भाग पुन्हा स्वच्छ करा आणि पुढच्या काही आठवड्यांत चेंबरची कड स्वतःहून ओली होते का ते पाहा. अनेक गाड्यांत चेंबर उतरवण्यासाठी एक्झॉस्टचा पाइप किंवा खालचा आडवा बीम सोडवावा लागतो, आणि काही इंजिनांत तिथे पॅकिंग नसून फक्त सीलंट असते. एवढा खटाटोप खात्री पटल्यावरच करावा. क्रँक सीलही खरोखर झिरपत असेल आणि क्लचवर ऑइल येत नसेल, तर क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत थांबता येते. गिअरबॉक्स तेव्हा उतरणारच असतो. टायमिंग बेल्टवर मात्र ऑइल पडताना दिसले तर थांबू नका. ऑइलने रबर फुगते, आणि बेल्ट तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

औषधाबद्दल सांगायचे तर, ते कडक झालेले रबर थोडे नरम करून फुगवते. त्यामुळे सीलचा हलका पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेले पॅकिंग, आकसलेला कॉर्क किंवा वाकलेले कव्हर यांवर त्याचा उपयोग नाही. तुमच्या बाबतीत कारण सापडलेले असल्याने मी ते घालणार नाही.

काम झाल्यावर पहिल्यांदा गाडी तापेल तेव्हा मॅनिफोल्डवरचे जुने ऑइल जळून थोडा धूर आणि वास येईल. तो लवकरच ओसरतो. विहिरींत साचलेले ऑइल जुने प्लग काढण्यापूर्वीच टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल. प्लगवरच्या कॉइल किंवा वायरच्या रबरी टोप्या ऑइलने फुगल्या असतील तर त्याही बदला, अन्यथा इंजिन मिसिंग करू लागेल (मधूनमधून झटके देईल).