ऑफिसातले नग आणि आपला बचाव

साहेबांबद्दल आपण नेहमीच बोलतो. हा धागा बरोबरीच्या माणसांसाठी, ज्यांना दटावताही येत नाही आणि टाळताही येत नाही. श्रेय लाटणारे, तोंडी सांगून नंतर कानांवर हात ठेवणारे, कान भरणारे. त्यांना सुधारायचं कसं ते नको, ते सुधारत नसतात. तुम्ही स्वतःला कसं वाचवलंत ते लिहा. माणसांची, कंपन्यांची नावं नकोत.

सुरुवात मीच करते. आमच्या अकाउंट्समधल्या एका गृहस्थांचं सगळं तोंडी. "ते बिल पुढच्या महिन्यात टाक गं, मी बघतो." ऑडिटमध्ये विचारणा झाली की "मी कधी म्हणालो?" मी वाद घालणं सोडलं. त्यांचं बोलणं झालं की जागेवर येऊन मेल टाकायचे: "आत्ता बोलल्याप्रमाणे हे बिल पुढच्या महिन्यात घेते आहे. काही वेगळं असल्यास आज कळवा." सीसीत कोणी नाही. साहेबांना सीसीत घातलं की युद्ध सुरू होतं, एकट्याला पाठवला की ती नुसती आठवण असते. हल्ली गृहस्थ म्हणतात, "थांब, विचारून सांगतो."

---

+१, पण मेल टाकायला टेबल-खुर्चीची नोकरी हवी. मी नर्स आहे. एक सिस्टर ड्यूटी संपवून पर्स खांद्याला लावूनच हँडओव्हर द्यायची. काय राहिलंय ते कळायचं नाही आणि राऊंडला बोलणी मला. मग मी पेशंटच्या बेडशेजारी, चार्ट हातात घेऊनच हँडओव्हर घ्यायला लागले. ती सांगेल ते मोठ्याने परत म्हणायचं आणि रजिस्टरमध्ये वेळ टाकून लिहायचं. लिहायचं कसं, तेही महत्त्वाचं. "डोस दिला नाही" असं नाही, "डोस दिल्याची नोंद चार्टवर नाही, ड्यूटी घेताना आढळले." आपल्याला दिसलं तेवढंच. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. चालतंय.

---

श्रेय लाटणाऱ्यांवर एकच उपाय लागू पडला. काम पूर्ण व्हायची वाट न बघता अर्धवट असतानाच सगळ्या टीमला दाखवायचं. मग ते कोणाचं, हा प्रश्नच उरत नाही.

---

मी एचआरमध्ये होतो. "तो फार विचित्र वागतो" ह्या तक्रारीचं आम्हाला काहीच करता यायचं नाही. तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं आणि कुठलं काम अडलं, एवढं आणा. स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लायमन (Leymann) यांनी १९८०च्या दशकात एखाद्याला घेरून छळण्याच्या प्रकाराचा अभ्यास केला. त्यांची मोजपट्टी होती आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. म्हणजे एका भांडणाला छळ म्हणत नाहीत, तो प्रकार चालू राहिलेला दिसावा लागतो. पण धमकी, अंगाला हात लावणं, लैंगिक त्रास ह्यात वाट बघायची नाही. त्याच दिवशी लेखी तक्रार. आणि हो, एचआर पगार कंपनीचा घेतो, हे विसरू नका.

---

वरच्या दादांना जोड: ही नोंद कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नका. माझ्या मैत्रिणीला मीटिंगला बोलावलं, ती बाहेर येईपर्यंत तिचं लॉगिन बंद. सगळी टिपणं आत. ऑफिसचे मेल स्वतःच्या मेलवर ढकलू नका, बऱ्याच ठिकाणी तो नियमभंग असतो आणि मग चौकशी तुमचीच लागते. साधी वही, ती घरी.

---

सगळे लेखी-लेखी म्हणताय, पण कान भरणाऱ्याला काय मेल टाकणार? आमच्याकडची एक "तुला म्हणून सांगते" करत यायची. मी म्हणायचे, "अगं, हे त्याच्या कानावर घालायला हवं, चल, दोघी जाऊ." तिला लगेच काहीतरी काम आठवायचं. शिवाय आमच्यातला एक जण प्रत्येक वाक्याची नोंद ठेवायचा. तो आला की लोक गप्प व्हायचे. ज्याच्याशी गरज आहे त्याच्याशीच लेखी ठेवा, बाकीच्यांशी माणसासारखं बोला.

---

मी सरळ विभाग बदलून घेतला. पळपुटेपणा म्हणा हवं तर. अर्जात मला त्रास देणाऱ्या बाईंचं नावही काढलं नाही, "नवीन काम शिकायचं आहे" एवढंच लिहिलं. माझ्या जागी आलेला मुलगा परवा लिफ्टमध्ये भेटला. विचारत होता, तुमच्याकडे एखादी जागा निघतेय का.