मदत हवी आहे: आईच्या जुन्या टीव्हीला फक्त अँटेनाची वायर लागते, दूरदर्शन कसं दाखवू? (नागपूर)

महालवासी

नमस्कार. आई ८१ वर्षांची आहे, महालातल्या जुन्या घरी राहते. तिच्या खोलीत १४ इंची ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आहे. चॅनलला खटक्यांचं गोल बटण आहे आणि मागे दोन स्क्रूंना चपटी वायर जोडलेली. गच्चीवर अँटेना, तोंड सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे. त्यावर ती फक्त दूरदर्शन लावायची. एका डोळ्याने जवळजवळ काहीच दिसत नाही, दुसऱ्याने अंधुक, त्यामुळे बातम्या पाहण्यापेक्षा ऐकतेच जास्त. बटण मात्र तिला हाताने बरोबर कळतं.

२०१३ साली नागपुरात सगळ्यांनी सेट टॉप बॉक्स घेतले, तेव्हा आईचा टीव्ही बॉक्सशिवाय चालूच राहिला. म्हणून आम्ही समजून चाललो की अँटेनावाल्यांना काही होत नाही. मग एक दिवस नुसत्या मुंग्या आणि खरखर. आईला वाटलं टीव्ही बिघडला. मेकॅनिक घरी आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, टीव्ही ठणठणीत आहे, वरूनच काही येत नाही.

"नवीन टीव्ही घेऊन द्या" असं कृपया सुचवू नका. बहिणीने दिवाळीत दिला होता. रिमोटवर चाळीसेक बटणं. आईचा हात कुठेतरी लागला, पडद्यावर "नो सिग्नल" आलं आणि ती दोन दिवस तशीच बसून होती. आम्हाला त्रास नको म्हणून फोनही केला नाही. ते कळलं तेव्हापासून माझ्या मनात एकच आहे, की तिला तिच्याच टीव्हीवर, तिच्याच बटणाने संध्याकाळी सातच्या मराठी बातम्या लागल्या पाहिजेत.

सीताबर्डीत एका दुकानदाराने सांगितलं, "अँटेना तीच ठेवा, मधे हा डिजिटल बॉक्स लावा, काम झालं." बॉक्सवर डीव्हीबी-टी२ लिहिलं आहे. घेऊ का? दर महिन्याचं बिल नको आहे. आई पैसे भरायचे राहिले की काय या काळजीत राहते.

तारजोड

तो बॉक्स घेऊ नका भाऊ. डीव्हीबी-टी२ म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण. दूरदर्शनने ते २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केलं. त्या यादीत मुंबई होती, औरंगाबाद होतं, आपलं नागपूर नव्हतं. बॉक्स चांगला असला तरी पकडणार काय?

२०१३ चा बदल केबलचा होता. कायद्याने केबलवाल्यांना डिजिटल व्हायला लावलं. पहिल्या टप्प्यात चार महानगरं, दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ची मुदत देऊन ३८ शहरं, त्यात नागपूर. आईंचा टीव्ही केबलवर नव्हताच, तो टॉवरवर होता. ते जुन्या पद्धतीचे (अ‍ॅनालॉग) ट्रान्समीटर प्रसार भारतीने नंतर टप्प्याटप्प्याने बंद केले. तुमच्या घरात कोणाचीच चूक झालेली नाही.

तुम्हाला हवं ते डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी सेवा. मासिक पैसे नाहीत, एकदाच छत्री आणि बॉक्स घ्यायचा. सह्याद्री त्यावर येतं. बॉक्स एमपेग-४ वाला (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही चॅनल दिसत नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. बॉक्समधून पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी निघतात आणि आईंच्या टीव्हीला त्या लावायला जागा नाही. मधे आरएफ मॉड्युलेटर लागेल. तो बॉक्सचं चित्र आणि आवाज घेऊन छोट्या टॉवरसारखं एका चॅनलवर पाठवतो. मात्र खटक्यांचा जुना टीव्ही बहुधा व्हीएचएफच (खालच्या लहरींचे चॅनल) पकडतो, म्हणून २ ते १२ मधल्या चॅनलवर देणारा मॉड्युलेटर मागा. फक्त युएचएफवर (वरच्या लहरींवर) चालणारा आणलात तर टीव्हीला तो सापडणारच नाही. मॉड्युलेटरची गोल केबल आणि टीव्हीचे दोन स्क्रू जुळवायला 'बलून' नावाचा छोटा जोड लागतो, ३०० ते ७५ ओहमचा. तो नक्की घ्या, उघड्या तारा पिळून जोडू नका.

मानेवाड्याहून

छत्रीबद्दल माझ्याकडून. जुन्या अँटेनाच्या पाइपावर त्याच दिशेने छत्री बसवायला सांगू नका. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. नागपूरहून तो आग्नेयेला दिसतो, आकाशात साधारण ६० अंश उंच. सेमिनरी हिल्स तुम्हाला वायव्येकडे, म्हणजे जवळजवळ उलट बाजूला. एवढ्या उंचीमुळे शेजारच्या माडीची अडचण सहसा होत नाही, पण झाड अगदी लागून असेल तर बघा. पूर्वी झाडाआडून चित्रावर सावली पडायची, तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, थोडा खाली गेला की चौकोन फुटतात, आणखी खाली गेला की पडदा काळा. तुमच्या आईंसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण आवाजही चित्राबरोबरच जातो. म्हणून बसवणाऱ्याला मीटर लावून सिग्नल बघायला लावा, नुसतं "आलं" म्हटलं की सोडू नका.

महालवासी

दोघांचे मनापासून आभार. छत्री परवा बसली. आमच्या मागच्या कडुनिंबाची एक फांदी मधे येत होती, ती छाटली. मॉड्युलेटर चॅनल ४ वर ठेवला. चित्र आलं, आईने पडद्याला हात लावून पाहिला. पण आवाज अजिबात नाही, नुसती घरघर. टीव्हीचा स्पीकर गेला असेल का? तसं असेल तर सगळं व्यर्थ आहे, तिला आवाजच हवा आहे.

तारजोड

घरघर येते म्हणजे स्पीकर जिवंत आहे. मॉड्युलेटरच्या सेटिंगमध्ये ५.५, ६.० आणि ६.५ असे आकडे असतील. ते चित्र आणि आवाज यांच्यातलं मेगाहर्ट्झमधलं अंतर. आपल्या जुन्या टीव्हींना पाल-बी (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) म्हणजे ५.५ लागतं. तुमचा मॉड्युलेटर ६.० किंवा ६.५ वर असणार. एकदा बदलून पाहा.

आणि एक. बॉक्स, मॉड्युलेटर, टीव्ही तिन्ही एकाच बोर्डावर घ्या. सह्याद्री लावून बोर्डाचा स्विच बंद करा, परत चालू करा. बॉक्स आपोआप त्याच चॅनलवर सुरू झाला तर आईंना रिमोटची गरजच नाही. काही बॉक्स वीज आल्यावरही रिमोट दाबेपर्यंत झोपूनच राहतात. तसा असेल तर बदलून मागा.

महालवासी

५.५ केलं आणि आवाज आला. लगेच लिहायला बसलो.

बॉक्स मात्र झोपणारा निघाला. दुकानदाराने दोन दिवसांत बदलून दिला, नवीन बरोबर सुरू होतो. बोर्ड आईच्या पलंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर लावला. आई एकच स्विच दाबते, मग टीव्हीचं आवाजाचं बटण फिरवते. काल सातला मी मुद्दाम फोन केला नाही. सव्वासातला तिचाच आला, आणि मागे बातम्यांचा आवाज येत होता.

आता पावसाळ्याचं विचारायचं आहे. आपल्याकडे जुलैत धो धो येतो तेव्हा चित्र जाईल का? तिला आधीच सांगून ठेवतो.

मानेवाड्याहून

जोराच्या सरीत काही वेळ जाईल, सर ओसरली की आपोआप येतं. छत्री मोठी असेल तर कमी वेळा जातं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही सकाळी अकराच्या आसपास काही मिनिटं जाऊ शकतं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. आईंना सांगा, दोन्ही वेळा टीव्ही बिघडलेला नसतो, कशालाही हात लावायचा नाही.