विषय: ब्लूमिंग्टनची पियानो मंडळी – चार ओळी हव्यात

प्रेषक: सांस्कृतिक समिती (कार्मेल)

नमस्कार मंडळी,
पियानो शिकणाऱ्या आपल्या मुलांना एकदा ब्लूमिंग्टनला नेऊन इंडियाना विद्यापीठाच्या जेकब्स स्कूल ऑफ म्युझिकमधला एखादा कार्यक्रम ऐकवावा, असं समितीत चाललंय. पत्रकात छापायला तिथल्या पियानोच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय काय मिळवलं, याच्या चार ओळी हव्यात. बक्षिसं, स्पर्धा वगैरे. पालक तेवढंच वाचतात. काका, तुम्ही तिथलेच. द्याल का लिहून?

प्रेषक: काका (ब्लूमिंग्टन)

चार ओळींत बसणार नाही, आधीच सांगतो.

मेनाहेम प्रेसलर यांच्यापासून सुरुवात करा. जन्म 1923, जर्मनीतलं माग्डेबुर्ग. ज्यू कुटुंब, 1939 मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून पॅलेस्टाइनला पोचलं. 1946 मध्ये प्रेसलर सॅन फ्रान्सिस्कोला डेब्युसी स्पर्धा जिंकले. घ्या, तुमचं बक्षीस आलं. पण खरी कमाई पुढची. 1955 मध्ये ते इथे शिकवायला आले आणि त्याच वर्षी बोझार ट्रिओ सुरू झाला, म्हणजे तिघांचा संच: पियानो, व्हायोलिन, चेलो (व्हायोलिनचा जाड आवाजाचा मोठा भाऊ). तो 2008 पर्यंत चालला. व्हायोलिनवाले बदलले, चेलोवाले बदलले, पियानोवर मात्र अखेरपर्यंत हेच. शिकवणंही सुटलं नाही. बर्लिन फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाबरोबर पहिल्यांदा वाजवलं ते जानेवारी 2014 मध्ये, नव्वदी पूर्ण झाल्यावर! 2023 च्या मे महिन्यात गेले.

त्याच वर्षी जुलैत आंद्रे वॉट्सही गेले. 1963 मध्ये नामवंत पियानिस्ट ग्लेन गूल्ड आजारी पडले म्हणून संचालक बर्नस्टाइननी ऐनवेळी ज्या सोळा वर्षांच्या मुलाला न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदासमोर बसवलं, तो हा. लिस्टचा पहिला कॉन्चेर्टो (एकटं वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) वाजवला आणि एका रात्रीत नाव झालं. 2004 पासून ते इथे प्राध्यापक. उतारवयात डाव्या हाताच्या नसांनी दगा दिला, तेव्हा संगीतकार रॅव्हेलने फक्त डाव्या हातासाठी लिहिलेला कॉन्चेर्टो त्यांनी उजव्या हाताला बसवायला घेतला. कोविडमुळे ते कार्यक्रम राहिले. माझ्या मते हे छापा, सोळाव्या वर्षाचं नंतर.

विद्यार्थ्यांत जेरेमी डेंक. ओबरलिनला पियानो आणि केमिस्ट्री अशा दोन्ही पदव्या, मग इथे मास्टर्सला हंगेरियन पियानिस्ट शेबॉक यांच्याकडे. 2013 ची मॅकआरthर फेलोशिप मिळाली, प्रतिभावंतांना देतात ती. केमिस्ट्रीचं मुद्दाम लिहिलंय, आपल्या निम्म्या पालकांचा जीव भांड्यात पडेल.

प्रेषक: पेटीवाले (फिशर्स)

काका, झकास. प्रेसलर म्हणजे आमच्याच बिरादरीतले म्हणायचे. पेटीवाल्याचं नाव जाहिरातीत नेहमी खाली, बारीक टायपात. रेडिओने तर 1940 ते 1971 पेटीला दारातच उभं केलं नव्हतं. तरी अप्पा जळगावकर भीमसेनांच्या मागे बसले की मैफल भरलेली वाटायची. तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली ती 2016 मध्ये, आणि तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. यादीत साथीदारांनाही जागा द्या की!

प्रेषक: काका (ब्लूमिंग्टन)

भावना पोचल्या, पण तुलना अर्धीच लागू पडते. पेटी गायकाच्या मागून जाते. ट्रिओत कोणी कोणाच्या मागे नसतं, तिघांचं आपापलं लिहिलेलं असतं. उलट शुबर्ट किंवा ब्राम्स या संगीतकारांच्या ट्रिओत सगळ्यात जास्त सूर पियानोलाच. त्यात झाकण उघडा ग्रँड पियानो, पलीकडे बिचारा चेलो. जरा हात जड पडला की चेलो गडप. तेव्हा बोटं वेगाने पळवायची आणि आवाज मात्र राखायचा, हे कसब. प्रेसलर यांचा स्पर्श त्यासाठीच वाखाणला गेला. शेबॉकचंही तसंच: चेलोवादक यानोश स्टार्कर यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली, आणि दोघेही इथेच शिकवत.

तुम्ही म्हणता तशी साथ इथे वेगळीकडे सापडते. व्हायोलिन घ्या, सनई जातीची वाद्यं घ्या, गाणं घ्या, पदवीसाठी प्रत्येकाला स्वतःचा कार्यक्रम द्यावा लागतो आणि बहुतेकांना पियानोवर कोणीतरी लागतंच. मग पियानोचे विद्यार्थी आज याच्याबरोबर, उद्या तिच्याबरोबर बसतात. गायिकेचा श्वास कुठे तुटेल ते ओळखून थांबायचं. ऐनवेळी कोणी चार मात्रा खाल्ल्या तर तोंड न वाकडं करता पुढच्या ओळीवर उडी. याला स्पर्धा क्वचितच, म्हणून ते सहसा यादीत येत नाही. मुलांनी ऐकावं ते हेच.

आणि यादीच हवी तर, इथे शिकवलेल्यांची आणखी दोन नावं: एडवर्ड आउअर, 1965 च्या वॉर्सातल्या शोपाँ पियानो स्पर्धेत पाचवे, तिथे बक्षीस मिळवणारे पहिले अमेरिकन. (त्या वर्षी पहिली मार्था आर्गेरिच, म्हणजे पाचव्याची किंमत समजून घ्या.) एमिल नाउमॉफ, लहानपणापासून पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांचे शिष्य.

प्रेषक: सांस्कृतिक समिती (कार्मेल)

काका, चार ओळी मागितल्या, पत्रकाची दोन्ही पानं भरली. वॉट्सचा उजवा हात पहिल्या पानावर घेतेय.

ठरलं असं: मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं काढण्यापेक्षा विद्यार्थ्यांचा रिसायटल, म्हणजे पदवीसाठीचा तो कार्यक्रम, बघायचा. ते बहुतेक मोफत असतात. त्यातही एकट्या पियानोचा नको, गाणं किंवा चेलो असलेला निवडते, म्हणजे काका म्हणतात ते दिसेल. पेटीवाले, तुमच्या व्हॅनमध्ये किती जागा आहेत ते कळवा. आणि सर्वांना विनंती, डबे गाडीतच ठेवा. हॉलमध्ये चिवड्याची पुडी निघाली तर मी ओळख दाखवणार नाही.