टू टुगेदर रेलकार्ड: आई-बाबांसोबतही चालतं

ब्रिटनमध्ये दोघांनी मिळून रेल्वेने फिरताना तिकिटात सूट देणारं हे कार्ड नवरा-बायकोसाठीच असतं असं काहींना वाटतं, ते बरोबर नाही. सोळा पूर्ण झालेली कुठलीही दोन माणसं चालतात, नातं कुणी विचारत नाही. आमच्या कार्डावर माझा आणि आईचा फोटो शेजारी-शेजारी आहे. ती पुण्याहून दरवर्षी येते, इथली रहिवासी नाही, तरी काही अडलं नाही. 35 पौंडांत वर्षभर एक तृतीयांश सूट. दोघांची मिळून मूळ भाड्याने 105 पौंडांची तिकिटं झाली की पैसे वसूल!

पण सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनवाच्या आधी ते चालत नाही (शनिवार-रविवारी चालतं), आणि पूर्ण प्रवास दोघांनी सोबतच करायला हवा. एकटं निघालात तर सूट नाही. म्हणून आई-बाबा दोघंही साठीच्या पुढचे असतील आणि मुलगा-मुलगी कामावर गेल्यावर आपले आपण, कधी एकेकटेही फिरणार असतील, तर मी प्रत्येकाचं वेगळं सीनियर रेलकार्डच काढायला सांगेन. सूट तेवढीच, वयाच्या पुराव्याला भारतीय पासपोर्ट पुरतो, आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही.