क्रूसेडला 'धर्मयुद्ध' म्हणावं का?

अनुवादक ताई: मध्ययुगीन युरोपवरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. 1095 साली पोप दुसऱ्या अर्बननं जेरुसलेम मुसलमानांकडून जिंकून घ्यायची हाक दिली, तेच पहिलं क्रूसेड; 1099 मध्ये जेरुसलेम पडलं आणि आत कत्तल झाली. क्रूसेडला मी सरळ 'धर्मयुद्ध' लिहिलं. रात्री आबांना वाचून दाखवताना त्यांनी हात वर करून थांबवलं. "गावातली बायकापोरं कापली, त्याला धर्मयुद्ध म्हणतेस?" तिथंच अडलेय. दुसरा शब्द सुचवा.

जुना मास्तर: आबांचं बरोबर आहे. धर्मयुद्ध म्हणजे नियमानं केलेलं युद्ध. निःशस्त्रावर वार नाही, पळणाऱ्यावर वार नाही. भीमानं दुर्योधनाच्या मांडीवर गदा घातली तेव्हा बलराम खवळला तो याचसाठी. कौरव-पांडवांचे देव काही वेगळे नव्हते.

कन्ना चौक: सर, अर्थ पोथीत नाही, लोकांच्या तोंडात असतो. आज धर्मयुद्ध म्हटलं की धर्माच्या नावानं लढाई असंच कळतं. ताई, खुशाल लिहा.

जुना मास्तर: लोक म्हणतात म्हणून कत्तलीला इतका मानाचा शब्द द्यायचा? 1204 मध्ये याच क्रूसवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. ते तर ख्रिस्ती शहर!

रेल्वे लाईन्स: खांद्यावर कापडी क्रूस शिवून निघायचे ते. 'क्रूस' आपल्याकडे पोर्तुगीजांपासून आहे. 'क्रूसयुद्ध' करा.

कन्ना चौक: असले घडवलेले शब्द कोण बोलतं?

जुना मास्तर: 'हुतात्मा' सावरकरांनी दिला. आज आपल्या सोलापूर-पुणे गाडीचं नाव तेच आहे की.

बेगम पेठ: आमच्या घरी शहीदच म्हणतात. अरबीत त्याचं मूळ 'साक्षीदार'. इंग्रजी 'मार्टर'चं ग्रीक मूळही तेच. हुतात्म्यात मात्र आहुती आहे. लहानपणी नाना 12 जानेवारीला बोट धरून चार पुतळ्याला, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी, न्यायचे. हाराखाली झाकलेली नावं मोठ्यानं वाचायला लावायचे: धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. चौघं 1931 साली येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. नाना म्हणायचे, "बेटा, कुर्बान म्हणजेच आहुती."

कन्ना चौक: अंगावर काटा आला. पण शहीद म्हणजे साक्षीदार असेल, तर धर्मासाठी दुसऱ्याला मारताना मेला त्याला कसं म्हणायचं?

जुना मास्तर: म्हणूच नये. साक्ष द्यायला हत्यार कशाला लागतं?

रेल्वे लाईन्स: म्हणतात मात्र सगळेच, आपापल्या माणसाला.

अनुवादक ताई: तूर्त 'क्रूसयुद्ध' लिहिलंय, मन मानत नाही. पुढच्याच पानावर 'संघटित धर्म' आलाय. धर्मसंस्था म्हणू की धर्मपीठ?

बेगम पेठ: हिब्रूतही 'कोर्बान' आहे, 'जवळ जाणं' या धातूवरून. अरबीत तो तिथूनच आला का? कुणी सांगेल का?